कोंबडी संपेपर्यंत

१२, शुक्रवार

सुट्टीचं जेवण आटोपलं. 'आटोपलं' हाच शब्द बरोबर, कारण जेवल्यासारखं कुणालाच वाटलं नाही. सूनबाईने बारा माणसं बोलावली होती, आली सात. तिने ओव्हनमध्ये तीन अख्ख्या कोंबड्या भाजल्या. एकीचा कसाबसा फडशा पडला, दुसरी अर्धी गेली, तिसरीला कुणी सुरीही लावली नाही. मांस इतकं कोरडं की विहीणबाई घासागणिक पाणी पीत होत्या आणि तरी 'छान झालंय गं' म्हणत होत्या. पोटची पोर म्हटल्यावर माणूस काहीही गिळतं.

एकतीस वर्षं मी हॉस्पिटलचं स्वयंपाकघर चालवलं आहे, मला गप्प बसवत नाही. म्हटलं, "अगं, बिचारी एकदा मेली होती ना? मग तिला वर ही शिक्षा कशाला?" सगळे हसले. माझा लेकही हसला. सूनबाई तेवढी मान खाली घालून ताटं गोळा करत राहिली. भांडायचंसुद्धा नाही तिला. मी मनातल्या मनात तिचं नाव गोगलगाय ठेवलं आहे, लग्नापासून.

आता खरी गोष्ट, जी या वहीशिवाय कुणाला सांगितलेली नाही. घरमालकीणबाईंनी मला तीस तारखेपर्यंत खोली सोडायला सांगितलं आहे. त्यांच्या मुलाला हवी आहे. बावीस वर्षांनी! मला जायला जागा एकच, माझ्या लेकाचं घर. पण मी मागणार नाही. मुलासमोर पदर पसरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, मग आयुष्यभर त्यांना मिंधं होऊन बसावं लागतं. त्याने आपणहून म्हटलं पाहिजे, "आई, आता इथंच राहा."

मी इथे लेकाकडे आले ती दोन दिवसांची पिशवी घेऊन. त्यामुळे ती उरलेली दीड कोंबडी बघून मला आशा वाटली. सगळे गेल्यावर म्हटलं, "एवढं सगळं काय फेकून देणार? मी राहते. हे संपवते आणि मगच जाते."

लेकाने विचारलं, "किती दिवस लागतील?"

बघा, किती काळजी. आईला फार कामाला लावायला नको, असं वाटत असणार त्याला.

सूनबाई म्हणाली, "राहा ना आई. तुमच्या हातचं सूप मिळेल." लाडीगोडी लावायची म्हणजे किती लावायची.

१३, शनिवार

सकाळी सातला कामाला लागले. सगळं मांस हाडांवरून सोडवलं, सांगाडे मोडून मोठ्या पातेल्यात घातले, वर गार पाणी. गरम पाणी घातलं की सूप गढूळ होतं, हे सूनबाईला तीनदा सांगितलं. कांदा सालीसकट, दोन गाजरं, दहा मिरे, तमालपत्र. मग मंद आच, आणि झारा हातात घेऊन उभं राहायचं. वर येणारा फेस काढत राहायचा, तिथे आळस केला की चव गेली. चार तासांनी गाळलं तर रंग असा सोनेरी, की लेकाला हाक मारून दाखवला. तो म्हणाला, "हं." पुरुषांना कौतुक बोलून दाखवता येत नाही.

मांसाच्या पुड्या केल्या. माणशी एक मूठ, हा आमचा हॉस्पिटलचा हिशेब. अठरा मुठी निघाल्या, अठरा पुड्या. प्रत्येकीला माझी दुहेरी गाठ. सगळ्या एका डब्यात घालून डबा फ्रीजरमध्ये, आणि झाकणावर चिठ्ठी: तारीख, अठरा, माझी सही. रोज तीन जायच्या. सहा दिवस. सहा दिवसांत लेकाच्या तोंडून ते वाक्य निघायला हवं.

सूनबाई दोन वाट्या सूप प्यायली. म्हणाली, "पोटाला बरं वाटतंय, आई. बऱ्याच दिवसांनी." खादाड. लेकाने अर्धी वाटी ठेवली, कामाचं टेन्शन आहे त्याला. लहानपणी मी त्याला सूप संपवल्याशिवाय पाटावरून उठू देत नसे. एकदा दुपारच्या जेवणाला बसलेला पोरगा दिवेलागणीपर्यंत बसला होता, वाटी समोर, डोळे गळताहेत. पण संपवलं! म्हणून आज त्याची हाडं अशी दणकट आहेत.

आतली छोटी खोली बंद असते. आज दार उघडं दिसलं. बाळाचा पलंग अजून तसाच, वर चादर घालून. सहा महिन्यांपूर्वी सूनबाईचं मूल पोटातच गेलं, पाचवा महिना होता. वाईट झालं, मी नाही म्हणत नाही. पण हॉस्पिटलात अशा बायका मी रोज पाहिल्या. सूप प्यायच्या, चार दिवसांत घरी जायच्या आणि वर्षभरात दुसरं घेऊन यायच्या. ही अजून चादरीच्या घड्या घालते आहे.

१४, रविवार

उरल्या बारा. आज सुपात भात घालून मऊ शिजवला, वर मिरपूड. लेक मित्राकडे जेवून आला. टेबलावर त्याने एक रंगीत कागद ठेवला होता, बागेत बसून हसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा फोटो. त्याच्या शोरूमच्या टाइल्स लागल्या असणार त्या इमारतीत. मी म्हटलं, "छान आहे रे." तो म्हणाला, "आवडलं?" मी म्हटलं, "फरशी चकचकीत आहे." सूनबाईने तो कागद झटकन उचलून ड्रॉवरमध्ये कोंबला. नवऱ्याच्या धंद्याची आई चौकशी करते तेसुद्धा तिला बघवत नाही.

१६, मंगळवार

काल नऊ उरल्या होत्या. चिठ्ठीवर मीच लिहिलं आहे. आज सकाळी डबा उघडला तर बारा.

दोनदा मोजल्या. बारा.

मला विसर पडायला लागला असेल का? आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी चमचे मोजायची, मग आम्हाला मोजायची. विसरभोळी सासू कोण घरात ठेवेल? कुणाला काही बोलले नाही. तीन काढल्या आणि नऊ लिहिलं.

१८, गुरुवार

मला विसर पडलेला नाही! देवाची शपथ, एवढा आनंद मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.

काल रात्रीच्या हिशेबाने सहा हव्या होत्या. आज अकरा निघाल्या. डोळ्यांत तेल घालून एकेक पुडी पाहिली. पाच पुड्यांची गाठ माझी नाही. साधी, एकेरी, ढिली गाठ. आणि आतलं मांस पांढरं. भाजल्याचा डाग नाही, मसाल्याचा कण नाही.

हा प्रकार मला नवा नाही. पेशंट तेवढेच आणि डब्यात मात्र उरलेलं जास्त, असं झालं की समजायचं, कुणाचं तरी पान मारलं गेलं. आमच्याकडे एक वॉर्डबॉय पेशंटच्या वाटीतले तुकडे काढायचा, धुवायचा आणि वेगळे ठेवायचा, घरी न्यायला. मी त्याला सगळ्या स्टाफसमोर उभं करून त्याच्या पिशवीतून ते तुकडे काढले होते. ढसाढसा रडला. त्याची नोकरी गेली, आणि मला त्या दिवशी शांत झोप लागली.

तर इथे कुणाचं पान मारलं जातंय? मी सकाळी लेकाचा डबा भरते आणि त्याच्या बॅगेत ठेवायला सूनबाईच्या हातात देते. म्हणजे ती डबा उघडते, मांस काढते, धुते आणि पुडी बांधून परत टाकते. माझ्या लेकाला नुसतं पाणी! त्याचा पट्टा एक भोक आत गेला आहे, हे मी परवाच पाहिलं.

पण का? हेही आज दुपारी कळलं. ती चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीवरून लवकर आली आणि बाल्कनीत फोनवर बोलत होती. "खोली रिकामी करतेय हळूहळू... सामान आपण एका टेम्पोत आणू... ह्यांना अजून पटवतेय, जरा वेळ द्या... आणि त्यांना कळू देऊ नका." पलीकडे कोण ते ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरज काय? विहीणबाई इथे राहायला येणार! लेक वाळत जाईल, मग ही म्हणेल, बघा, तुमच्या आईचं जेवण तुम्हाला मानवत नाही, माझ्या आईला आणू या. गोगलगाय म्हणता म्हणता ही तर पोहोचलेली निघाली.

संध्याकाळी मला विचारते, "आई, झोपताना खिडकीतला वारा लागलेला चालतो का हो? की पलंग भिंतीशी बरा?" म्हातारी माणसं सगळी एका मापाची, म्हणून माझ्यावरून आपल्या आईचं माप घेते आहे. मी म्हटलं, "मला काय विचारतेस? मी कोंबडी संपली की चालले." तिचा चेहरा पडला. पडणारच, चोराच्या मनात ते चांदणं.

२०, शनिवार

बाळाचा पलंग सुटा करून तिने भिंतीला टेकवून ठेवला. एकटीने केलं सगळं, लेक क्रिकेट बघत होता. ती खोलीत जमिनीवर बसून पान्याने बोल्ट काढत होती आणि मधेच थांबत होती. मी दारात उभी राहून पाहिलं. क्षणभर आत जावंसं वाटलं. मग आठवलं, ही जागा कुणासाठी होते आहे ते, आणि मी स्वयंपाकघरात परत आले.

उद्या विहीणबाई जेवायला येणार आहेत. साक्षीदार हवाच होता.

२१, रविवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. नंतर स्वतःशी खोटं बोलायला नको.

सगळ्यांच्या पुढ्यात सूप वाढलं. आजचं सूप फार सुरेख झालं होतं. मग मी फ्रीजरमधला डबा आणून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि पुड्या मोठ्याने मोजल्या. एक, दोन, तीन. चौदा झाल्या.

"विहीणबाई," मी म्हटलं, "या कोंबडीच्या अठरा पुड्या केल्या होत्या. आठ दिवस तिघं खातो आहोत. ती तर केव्हाच संपायला हवी होती. उरल्या किती? चौदा. तुमची मुलगी माझ्या लेकाच्या डब्यातला घास काढून धुऊन परत ठेवते. विचारा तिला."

लेकाने फोनमधून मान वर केली. सूनबाई पांढरीफटक पडली. मला तो वॉर्डबॉय आठवला.

ती उठली, आत गेली आणि पिशवी घेऊन आली. पिशवीत सकाळीच आणलेली कच्ची कोंबडी, दुकानाच्या कागदासकट.

"मी आणत होते, आई," ती म्हणाली. "दुकानातून येताना आणायची, मैत्रिणीकडे उकडायची आणि पुड्या करून डब्यात टाकायची. तुम्ही म्हणाला होतात, संपली की जाणार. हे अजून तयार होत नव्हते. तोवर ती संपू नये, एवढंच."

"कशाला तयार होत नव्हता?" मी विचारलं.

विहीणबाई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला इथे ठेवून घ्यायला! तुमच्या घरमालकीणबाईंनी हिला कधीच फोन केला होता, सामान कसं हलवायचं तेही दोघींनी फोनवर ठरवलं. ती खोली हिने तुमच्यासाठी रिकामी केली. तीच खोली! आई असून मला तिथे पाऊल ठेवू दिलं नव्हतं हिने."

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. खरंच वाटलं. तिचा हात धरावा, असंही वाटलं. पण विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या, वरून खाली, भांडी घासणाऱ्या बाईकडे बघावं तशा. म्हणजे या दोघींना सगळं ठाऊक होतं. मी भीक मागायला आले आहे, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि एकतीस वर्षं डब्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या बाईला एका डब्यावरून बनवलं गेलं होतं.

मी म्हटलं, "स्वतःच्या पोटातलं सांभाळता आलं नाही, आणि सासूला सांभाळायला निघाली!"

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या सुपाने मला बरं वाटायला लागलं होतं."

मग तिने चप्पल घातली. विहीणबाई मागोमाग गेल्या. तिचं सूप वाटीत तसंच राहिलं. मी ते ओतून टाकलं.

२२, सोमवार

बोलायला नको होतं ते. सकाळपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. पण ती येईल परत, दोन-चार दिवसांत. बायका जातात माहेरी आणि येतात. आली की मी तिला पहिल्यांदा सूप देईन, मग बघू.

एका परीने बरंच झालं. घरात आता फक्त मी आणि माझा लेक. संध्याकाळी त्याच्यासाठी नव्याने सूप केलं, भरपूर मांस घातलं आणि वाटी समोर ठेवली. तो बघत बसला. म्हणाला, "आई, मला सूप आवडत नाही."

"आज भूक नाही का?"

"आज नाही, कधीच आवडलं नाही. वासाने पोटात ढवळतं."

"मग डबा?"

"वॉचमनला देतो. त्याला आवडतं."

आणि पट्टा? ते विचारायचं राहिलं. मग आठवलं, तो सकाळी जिमला जातो.

२३, मंगळवार

लेकाने आज सुट्टी घेतली. मला वाटलं, आता म्हणेल. मी खुर्ची ओढून बसलेसुद्धा. त्याने ड्रॉवरमधून तो रंगीत कागद काढला. बाग, हसणारी माणसं, चकचकीत फरशी.

"दोन महिन्यांपूर्वी मी तुझं नाव घातलं होतं तिथे," तो म्हणाला. "हिने मला रद्द करायला लावलं. रोज मागे लागायची, आई आपल्याकडेच राहतील म्हणून. मी तिच्यासाठी थांबलो होतो. आता थांबायचं काही कारण उरलं नाही. जागा अजून आहे, मी सकाळी विचारलं."

मी म्हटलं, "अरे, मी तुझी आई आहे."

तो म्हणाला, "म्हणूनच चांगली जागा बघितली."

आवाज चढवला नाही त्याने. मीही कधी चढवत नसे, वाटी समोर ठेवून नुसती बसायचे.

२५, गुरुवार

आले इथे. खोलीत आम्ही तिघी आहोत. शेजारच्या पलंगावरची शिक्षिका दिवसभर वह्या तपासल्यासारखी बोटं फिरवते. पलीकडची कुणाशी बोलत नाही. जेवण बेचव, सूप गढूळ, गरम पाण्यात हाडं टाकतात. स्वयंपाकघरात जाऊन सांगायला निघाले, तर दारात अडवलं.

काल लेकाने सामान आत आणून ठेवलं आणि सही केली. निघताना म्हणाला, "आई, हिला फोन करू नकोस. मी तिला सांगितलंय, तू बहिणीकडे गेलीस. इथलं कळलं तर ती तुला न्यायला येईल. शब्द दे."

मी शब्द दिला. त्याच्या मनाविरुद्ध मी कधी काही केलेलं नाही.

आज दुपारी सूनबाईचा फोन आला. पहिला बंद पडला तशी परत वाजायला लागला. शिक्षिका म्हणाली, "अहो, घ्या की." उचलावासा फार वाटला, बोट बटणावर होतं. तिसऱ्यांदा बराच वेळ वाजत राहिला, आणि मग थांबला.